चव्वेचाळीस

राष्ट्रपती राज्यसभेवर किती सदस्य नेमतात, हे मला झोपेतून उठवून विचारा. बारा. कर्नाटकात जिल्हे किती? एकतीस. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही चामराजपेटच्या कानडी शाळेत, आणि पोटापाण्याचा धंदा बायकांचे कुर्ते-ब्लाउज शिवण्याचा. मला या ज्ञानाचं लोणचं घालायचं होतं का? पण माझ्या भाचीला पोलीस सब-इन्स्पेक्टर व्हायचं होतं आणि तिला प्रश्न विचारायला घरात दुसरं कोणी रिकामं नव्हतं. तसं पाहिलं तर मीही रिकामी नव्हते.

हर्षिता माझ्या थोरल्या भावाची मुलगी. वहिनी गेल्यापासून मीच तिला वाढवली. अण्णा म्हणजे माझा भाऊ भगवंतराव. तीस वर्षं सिटी बस चालवून आता घरी बसलेला आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीला ब्रेक लावणारा. पोरीने दोनदा परीक्षा दिली होती. पहिल्या वेळी आपटली. दुसऱ्या वेळी लेखी परीक्षेत एका प्रश्नाने गेली. एका! धावणं, लांब उडी, गोळाफेक, सगळं पास, आणि सामान्य ज्ञानाच्या एका प्रश्नाने घरी आली. यंदाची तिसरी खेप. पुढच्या वर्षी तिचं वय मर्यादेच्या पार जाणार होतं, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. अण्णाने आधीच सांगून ठेवलं होतं की या वेळी नाही झालं तर इंदिरानगरच्या एका शोरूममध्ये साड्या दाखवायला उभं राहायचं आणि लग्नाचं बघायचं. साड्या दाखवायला! जी पोरगी सोळाशे मीटर धावून आली की साधी धापसुद्धा टाकत नाही, तिने पदराची घडी उलगडून "मॅडम, हा कलर तुम्हाला छान दिसेल" म्हणत उभं राहायचं.

आमचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मी मशीनवर, हर्षिता समोर कापडाच्या गठ्ठ्यावर, आणि मशीनच्या टेबलावर उघडलेलं कानडी गाइड. मी पाय मारता मारता प्रश्न विचारायची. तिने चूक उत्तर दिलं की माझा पाय थांबायचा, आणि मशीन थांबलं की तिला कळायचं की आता आत्याचं तोंड सुरू होणार. आमच्याकडे आत्याला अत्तेच म्हणतात, कानडीचा गुण. दिवसभर नुसतं "अत्ते, ओरडू नको ना" चालायचं.

हुशार होती, पण दोन आकड्यांपाशी तिचं डोकं हटकून घसरायचं. बेचाळीस आणि चव्वेचाळीस. घटनादुरुस्त्या. मूलभूत कर्तव्यं आली ती बेचाळिसाव्या दुरुस्तीने. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला तो चव्वेचाळिसाव्याने. मी सातवी शिकलेली बाई, मला पाठ, आणि ही बी.ए. झालेली पोरगी दर वेळी उलटं सांगायची. गेल्या परीक्षेत तिचा जो एक प्रश्न गेला तो हाच, असं तीच म्हणायची.

परीक्षा रविवारी होती. शनिवारी दुपारी मी तिचा कुर्ता शिवायला घेतला. हॉल तिकिटाबरोबर नियमांचा कागद आला होता. लांब बाही नको, धातूचं बटण नको, चेन नको, खिसा नको, भरतकाम नको. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं की अंगावर कुठेही लिहिलेला कागद सापडला तर परीक्षा रद्द, गुन्हा दाखल, पुढच्या सगळ्या परीक्षांना बंदी. मागे कुठेतरी पेपरफुटी झाली होती म्हणून सगळे चवताळलेले. नियम वाचून मला मात्र बरं वाटलं. सगळ्या परीक्षेत निदान एवढा भाग तरी मला येत होता.

आमच्या दुकानात माप वहीत लिहीत नाहीत. ज्या कपड्याचं माप, त्याच कापडाची एक चिंधी फाडायची, तिच्यावर बॉलपेनने अक्षर आणि आकडा घालायचा आणि ती चिंधी आतल्या शिवणीला कच्च्या टाक्याने अडकवायची. चार कुर्ते एकदम शिवायला असले तरी कुणाचं माप कुणाला जात नाही. वडिलांची पद्धत. आकडेही त्यांनीच शिकवलेले, मराठी. शेवटची इस्त्री करताना टाका उसवायचा आणि चिंधी टाकून द्यायची. इतक्या वर्षांत एकदाही गिऱ्हाइकाच्या अंगावर चिंधी गेली नव्हती.

बाही जोडत होते तेव्हा मी विचारलं, "मालमत्तेचा हक्क?"

"बेचाळीस," हर्षिता म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. परीक्षा उद्यावर! हातात पेन होतं, समोर तिच्या कुर्त्याची चिंधी होती. मी मापांच्या खाली खसाखसा "४४" लिहिलं आणि तिच्या नाकासमोर धरलं. "वाच! मोठ्याने वाच! चव्वेचाळीस! उद्या हे विसरलीस तर घरी येऊ नकोस, तशीच शोरूमला जा!"

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मलाच वाईट वाटलं. मी कुर्ता तसाच टाकून आत गेले आणि दोघींसाठी कॉफी टाकली. कॉफी पिऊन परत आले, बाकीची शिलाई संपवली, इस्त्री केली. टाका उसवायला हवा होता, हे डोक्यातच आलं नाही.

रविवारी सकाळी मार्केटच्या स्टेशनवरून मेट्रो धरली, मॅजेस्टिकला बदलली आणि के. आर. पुरमला उतरलो. केंद्र एका कॉलेजात होतं. साडेनऊला आत सोडायला सुरुवात, दहाला गेट बंद, साडेदहाला पेपर. गेटबाहेर दोर बांधलेला, आम्ही घरची माणसं दोराच्या अलीकडे. मुलींची रांग वेगळी, टोकाला हिरव्या पडद्याचा आडोसा, आणि त्यात पोलीस बायका एकेकीला तपासत होत्या. एका मुलीच्या लांब बाह्या कात्रीने कापून टाकल्या. मला मनातून आमच्या कुर्त्याचा अभिमान वाटला. नंतर या अभिमानाची मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

पावणेदहाला हर्षिता पडद्याआड गेली. तिच्या मागची मुलगी अजून बाहेरच उभी होती. मग हर्षिताचा आवाज आला, "अत्ते!"

ती हाक मी ओळखली. लहानपणी ती खिडकीच्या गजांत डोकं अडकवून बसली होती तेव्हा अशीच हाक आली होती. मी दोराखालून गेले. एका पोलिसाने हात आडवा घातला, मी तो बाजूला केला.

पडद्याआड एक इन्स्पेक्टर बाई खुर्चीवर होत्या. एक तरुण बाई पोलीस हर्षिताच्या कुर्त्याची कड उलटी करून उभी होती, आणि आतल्या शिवणीला ती चिंधी लोंबत होती.

"येन इदु?" इन्स्पेक्टर बाईंनी मला विचारलं. काय आहे हे?

पुढचं सगळं बोलणं कानडीतच झालं. मी म्हटलं, "माप आहे, मॅडम. मी टेलर आहे. हा कुर्ता मीच शिवलाय. चिंधी काढायची राहिली. चूक झाली."

"ही कुठली लिपी?"

"मराठी. आम्ही घरी मराठी बोलतो."

"म्हणजे इथल्या कुणाला वाचता येणार नाही, अशी." त्यांनी चिंधी दोन बोटांत धरली. "उं चाळीस. छा अडतीस. क पस्तीस. बा नऊ." त्यांना वाचता येत होतं, हिंदी शिकलेल्या असणार. "आणि हे शेवटचं? चव्वेचाळीस. याला अक्षर का नाही?"

मी हर्षिताकडे पाहिलं. चिंधीवरचा तो आकडा तिने त्या क्षणीच पाहिला असावा, कारण तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. तिला कळलं होतं आणि मलाही. उत्तर होतं ते. परीक्षेचं उत्तर, लिहिलेलं, तिच्या अंगावर.

खरं सांगितलं तर? "मॅडम, रागाच्या भरात मी लिहिलं, चिंधी आत राहिली हे पोरीला माहीतही नाही." कोण विश्वास ठेवणार? आणि ठेवला तरी नियमात कुठे लिहिलंय की आत्या तापट असेल तर माफ? मागे पंधरा-वीस मुली उभ्या. गेट बंद व्हायला दहा मिनिटं. आणि हिची ही शेवटची खेप.

"घेर," मी म्हटलं. "कुर्त्याचा खालचा घेर. घेर नेहमी शेवटी असतो, त्याला अक्षर लागत नाही."

इन्स्पेक्टर बाईंनी चिंधी सोडली. "टेप आहे?"

टेप होताच. सकाळी सवयीने गळ्यात घातलेला, पदराखाली तसाच.

"मोजा. माझ्यासमोर. सगळं."

मी मोजायला सुरुवात केली. एक टोक माझ्या हातात, दुसरं त्या तरुण पोलीस बाईच्या. उंची चाळीस, बरोबर. छाती अडतीस, बरोबर. कंबर, बाही, सगळं जिथल्या तिथे. माझी मापं चुकत नाहीत, चाळीस वर्षांत चुकलेली नाहीत. प्रत्येक आकड्याला ती तरुण पोलीस बाई मान हलवायची आणि मी पुढच्या मापाला जरा जास्त वेळ लावायची. कारण घेर मला माहीत होता. सरळ कट, पुढची पट्टी तेवीस इंच, मागची तेवीस. सेहेचाळीस. चव्वेचाळीस नव्हता.

आता हे सांगायला जीभ जड होते. टेलरच्या धंद्यात एक हातचलाखी असते. गिऱ्हाइकाचं कापड भरपूर असलं तरी ते कमी भरतंय असं दाखवायचं असेल तर कापडाची कड इंचभर अंगठ्याखाली दाबायची आणि टेपचं टोक तिथून पुढे लावायचं. बघणाऱ्याला वाटतं टेप कडेलाच आहे. मधलं इंचभर कापड अंगठा खातो. कापड मारणारे लोक असं करतात. आमच्या वडिलांनी ती मला शिकवली ती ओळखता यावी म्हणून, आणि वर सांगितलं की तुझ्या अंगठ्याखाली कधी कापड दिसलं तर मशीनला हात लावू देणार नाही.

मी हर्षिताच्या पायाशी बसले. कुर्त्याची कड सरळ ताणली. एक इंच अंगठ्याखाली गेलं. टेप लावला.

"बावीस," पोलीस बाई म्हणाली.

"मागची बाजू," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या.

मी मागे सरकले. अंगठ्याला घाम आला होता, कापड निसटेल असं वाटलं. दाबून धरलं.

"बावीस."

"बावीस दुणे चव्वेचाळीस," मी म्हटलं, आणि उठताना वर पाहिलं. हर्षिता माझ्या अंगठ्याकडे बघत होती. ही पोरगी त्याच दुकानात चिंध्यांशी खेळून मोठी झालेली. तिला टेप कसा धरतात हे शिकवायला लागत नाही.

मला वाटलं, आता बोलेल. तिचे ओठ हललेसुद्धा. मी डोळ्यांनीच म्हटलं, गप्प बस, देवाशपथ गप्प बस.

इन्स्पेक्टर बाईंनी कात्री घेतली, टाका कापला, चिंधी एका पाकिटात घातली, माझं नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून घेतला. मग हर्षिताला म्हणाल्या, "आत्याला सांग, पुढच्या वेळी टाके नीट बघत जा. जा आता. पळ."

ती पळाली. माझ्याकडे वळून पाहिलं नाही. ती आत गेल्यावर दोन मिनिटांनी गेट बंद झालं.

अडीच तास मी समोरच्या फुटपाथवर बसून होते. शेजारी कुणा मुलाची आई देवीचं नाव घेत होती. मला देवाचं नाव घ्यायची हिंमत झाली नाही. प्रत्येक गाडीच्या आवाजाला वाटायचं की आता मला बोलवायला कुणी येईल, कुर्ता पुन्हा मोजला असेल, हिला बाकावरून उठवलं असेल. पण त्याहून जास्त एक विचार डोकं खात होता. तो प्रश्न पेपरात येऊ दे. इतकं सगळं करून मी तिला आत धाडलं, आता निदान तो प्रश्न तरी येऊ दे. आणि तिने बेचाळीस लिहू नये.

साडेबाराला मुलं बाहेर आली. हर्षिता शेवटच्या घोळक्यात होती. मी तिचा हात धरला. थंडगार.

"कसा गेला?"

"चांगला गेला, अत्ते. गेल्या वेळेपेक्षा चांगला."

"आणि तो? मालमत्तेचा हक्क? आला?"

"आला."

"मग? काय लिहिलंस?"

"सोडला."

मला आधी समजलंच नाही. "सोडला म्हणजे? विसरलीस?"

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. "आता कधीच विसरणार नाही. पण गोल काळा करायला घेतला आणि मला तुझा अंगठा दिसला. नाही करवलं."

माझा हात उठला. रस्त्यात, शंभर माणसांदेखत, पंचवीस वर्षांत कधी न मारलेल्या पोरीवर हात उठला आणि तसाच हवेत राहिला. "तुला कळतं का तू काय केलंस? एका प्रश्नाने गेली होतीस गेल्या वेळी! एका!"

"कळतं ना. आणि मी पीएसआय झाले की मी अशाच गेटवर उभी राहणार. कुणाची तरी अत्ते असाच टेप धरेल. मग मी कुठे बघू, सांग."

परत येताना मेट्रोत आम्ही शेजारी शेजारी बसलो. तिला माझा राग आला नव्हता, हे जास्त अवघड होतं. मॅजेस्टिकला गाडी बदलताना तिने नेहमीसारखी माझी पिशवी घेतली.

यादी लागायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मी दर रात्री तिची बेरीज केली. एक प्रश्न कमी धरूनही ती निघेल, असं कधी वाटायचं. कधी वाटायचं नाही. ती रोज पहाटे धावायला जात होती. गाइड मात्र बंद झालं होतं. मी प्रश्न विचारत नव्हते, ती मागत नव्हती.

यादी एका दुपारी आली. हर्षिताने फोनवर दोनदा वर-खाली पाहिलं आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. तिचा नंबर नव्हता. तिच्या गटात जिथे यादी थांबली होती तिथून ती एका प्रश्नाने मागे होती. पुन्हा एकाच.

अण्णा दारात उभा होता. त्याला ओरडता येत नाही, तो टोचतो. "तीन वर्षं," तो म्हणाला. "तीन वर्षं या खोलीत जीके जीके ऐकून माझे कान किटले. आणि एक प्रश्न येईना तुला? एक?"

"नाही आला, अप्पा," हर्षिता म्हणाली. "अभ्यास कमी पडला."

माझ्या हातात कुणाचा तरी ब्लाउज होता. मशीन चालू होतं. मी पाय थांबवला.

"तिला येत होता," मी म्हटलं.

"अत्ते, राहू दे."

"नाही राहू देत. अण्णा, तिला उत्तर येत होतं. चव्वेचाळीस. मी ते तिच्या कुर्त्यावर लिहिलं, टाका काढायला विसरले, गेटवर पकडले गेलो, आणि मी अंगठ्याखाली कापड दाबून पोलिसांना खोटं माप दाखवलं. बाबांनी कधी करू नको म्हणून बजावलेली गोष्ट मी केली. म्हणून हिने तो प्रश्न सोडला. हिचा अभ्यास नाही कमी पडला. मी हिची नोकरी घालवली."

वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही. अण्णा खाली बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि हळूच तिला विचारलं, "खरंच सोडलास?" तिने मान हलवली. तो उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेला. शोरूमचं नाव त्याने त्या दिवशी काढलं नाही.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. मी म्हटलं, "मी त्या बाईंना तिथेच खरं सांगितलं असतं तर तुला आत सोडलं नसतं, हर्षिता. बंदी आली असती."

"माहीत आहे."

"मग मी काय करायला हवं होतं?"

ती समोरच्या गठ्ठ्यावर बसली, जिथे बसून रोज उत्तरं द्यायची. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तरी सांगायचं होतंस," ती म्हणाली.